कॅमेऱ्याची चावी

अक्काबाईनं पिशवीतून पोराचा सदरा काढला आणि टेबलावर ठेवला. एक बाही खांद्यापासून उसवली होती. पाठीवरचं रक्त वाळून कापडाचा पुठ्ठा झाला होता.

"पोलिसांनी न्हाई मारलं," ती म्हणाली. "त्यांच्या हाती द्यायच्या आदी सरपंचाच्या मानसांनी मारलं. उद्या कोर्टात हुबा करनार. वकील म्हनला, फाशी चुकली तर जलमठेप. तुमी कायतरी करा, दादा. न्हाईतर मला ईख आनून द्या."

ज्ञानूनं खुर्ची पुढं सरकवली. ती बसली नाही.

स्वारगेटच्या मागच्या बोळात, सायकलच्या दुकानावर रखमाजी धिवारांची ही खोली होती. धिवार पूर्वी पोलिसात जमादार होते. एका मोठ्या घरच्या चोरीत चोर घरातलाच निघाला. तो त्यांनी नावानिशी लिहिला, खोडायला नकार दिला आणि नोकरी सोडली. आता ते वकिलांसाठी खाजगी तपास करत. ज्ञानू त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. डोकं बेताचं, पण पाय आणि कान धड, असं धिवार चारचौघांत त्याच्याबद्दल सांगत. ज्ञानूला ते लागायचं. ते खोटं आहे, असं मात्र त्याला छातीठोक म्हणता येत नव्हतं.

अक्काबाईनं उभ्या उभ्या सांगितलं ते असं. त्र्याहत्तर सालचा वैशाख. पाण्याचा ठणठणाट. शिवऱ्याच्या माळावर सरपंच चिमाजीराव शितोळ्यांची कडब्याची गंज जळाली आणि तिच्याबरोबर म्हातारा राखणदार गेनबाही जळाला. दोन-तीन दिवसांनी सरपंचाचा पुतण्या दिगंबर पोलिसांकडं एक टेप घेऊन गेला. दिगंबरचा भोरला फोटो स्टुडिओ होता आणि हौसेनं तो एक छोटा सिनेमा काढत होता. टेपवर अक्काबाईच्या जगनचा आवाज होता आणि तो आवाज गंज पेटवायची भाषा करत होता. पोराला धरलं, आणि त्याच दिवशी बौद्धवस्तीला विहीर बंद झाली. बाया ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या.

"सरपंचाचं आणि जगनचं काय वाकडं?" धिवारांनी विचारलं.

"दुष्काळी कामावर आमच्या बायांना पान्याचा रांजन येगळा. जगन त्यावरून बोलला. समद्यांदेखत बोलला."

"आग रात्री लागली?"

"न्हाई दादा. उन्हं कलत व्हती. बाजारचा दिस, समदा गाव भोरला."

धिवारांनी तिच्याकडं पुन्हा एकदा पाहिलं, मग खुंटीवरची टोपी काढली.

अक्काबाईबरोबर शिवऱ्याला एस्टीतून उतरल्यावर ज्ञानूला वाटलं, कुणीतरी भट्टीचं दार उघडलंय. माळावर जळक्या जागेचा मोठा काळा चट्टा होता. वाऱ्यानं राख उडून गेली होती, पण वास जमिनीत मुरला होता.

सरपंच चिमाजीराव छत्री घेऊन आले. धिवारांचं नाव ऐकून त्यांनी आडनावावरून जात तोलली आणि चार हात लांबच थांबले.

"बघा, काय बघायचं ते बघा," ते म्हणाले. "माझी जनावरं आता छावणीत हंबरत्यात. म्हातारा तर गेलाच. आन तुमी त्याच लोकांच्या बाजूनं आलाय."

"आधी बाजू कुठली ते ठरू द्या, राव," धिवार म्हणाले आणि उकिडवे बसले.

गंजीभोवती दगडांची कड होती. पूर्वेच्या अंगाचे दगड नुसते काळे पडले होते. पश्चिमेचे तडकून उकलले होते. आग पश्चिमेला आधी लागली आणि तिथंच जास्त वेळ धगधगली, एवढं ज्ञानूलाही कळलं. पूर्वेला ओढा होता, बाभळी होत्या. तिकडून कुणी आलं असतं तर सडकेवरून दिसलं नसतं. पश्चिमेचं अंग मात्र सडकेला उघडं पडत होतं.

"म्हाताऱ्याची खोप कुठल्या अंगाला होती?"

"गंज रचतानाच पश्चिमेला भोक ठेवलं व्हतं, मानूस निजंल येवढं," चिमाजीराव म्हणाले. "दुपारचा त्यात पडून ऱ्हायचा. आत सावली व्हती ना. सडकेनं जानाऱ्याला दिसायचा न्हाई."

परतताना ज्ञानू कुजबुजला, "दाजी, हा सरपंचच बेरकी वाटतो. जगनला अडकवायला स्वतःच पेटवली असंल."

"दुष्काळात? स्वतःचा कडबा?" धिवार म्हणाले. "त्यापेक्षा त्यानं स्वतःचं घर पेटवलं असतं."

गेनबाची बायको साळूबाई गावकुसाला एका छपरात राहत होती. अक्काबाईला बघताच तिनं उंबऱ्यावरचं राखेचं पाणी तिच्या पायावर फेकलं. अक्काबाई हलली नाही. ज्ञानू मध्ये गेला, म्हातारीला हात जोडले.

साळूबाई मोजकंच बोलली. नवऱ्याचं जन्मभराचं काम चुन्याच्या भट्टीवर. छाती कामातून गेली होती. "खोकला आला का ऱ्हायाचा न्हाई. लागोपाठ ठसका, आन शेवटाला छातीतून बारीक शिट्टी. पोरं चिडवायची त्येंला, गाडी सुटली म्हनून." मग तिनं पदर तोंडाला लावला. "धुरात केवडे खोकले असतील वो."

धिवार उठताना म्हणाले, "आजी, उद्या सकाळी भोरला याल? तुमच्या मालकाचं खरं काय झालं ते कळंल असं वाटतंय."

"ह्या बाईच्या पोरानं मारलं त्येला. आनी काय कळायचं?"

"मग तेच कळंल. पण या."

भोरला ठाण्यात जगन गजाआड भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात कोपराखाली सुजून लाकडासारखा झाला होता. आईला बघून त्यानं तो मांडीमागं लपवला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. दिगंबरच्या सिनेमाचा नायक गावातला बंडखोर. नायकाचा चेहरा दिगंबरच्या आतेभावाचा, कारण तो गोरा आणि नाकेला. पण त्याला गावचं बोलणं जमेना. म्हणून आवाज जगनचा. मुक्या कॅमेऱ्यानं चित्र आधी घ्यायचं, मग स्टुडिओत बसून माणसानं बोलायचं, ही पद्धत. टेपवरची वाक्यं त्यानं तशीच, शिमग्याच्या आसपास, स्टुडिओत म्हटलेली.

"चेहरा त्येंचा, आवाज माजा," जगन म्हणाला. "आन फाशीबी माजीच."

"आगीच्या दिवशी कुठं होतास?"

"येल्ह्याला. दिगूशेटनंच धाडलं. नदीकाठची जागा बघून ये म्हनला, पुढल्या शूटिंगला. दिसभर हिंडलो. मला तिथं कोन वळखतंय? आता ते म्हनत्यात, मी धाडलंच न्हाई."

फौजदार तरुण होता, उर्मट नव्हता. त्यानं टेप ऐकवली. दिगंबरची जबानी अशी: सिनेमाला रात्रीचे आवाज हवे होते, म्हणून बॅटरीवरचं छोटं यंत्र त्यानं बौद्धवस्तीवरच्या चिंचेखाली चालू करून ठेवलं. वस्तीत वीज नाही, त्यामुळं मोठं यंत्र तिथं नेऊन उपयोग नव्हता. सकाळी ऐकतो तो काय, हे.

चकत्या फिरू लागल्या. आधी रातकिड्यांची किरकिर. मग जगनचा आवाज, ओळखू येण्याजोगा, जवळचा:

"गंज पेटवायची. आता माघार न्हाई. लई सोसलं. आडवा यील त्यो जळंल."

'लई सोसलं' म्हणताना आवाज एकदम बारीक झाला, पोरासारखा, आणि लगेच सावरला. 'जळंल'वर पुन्हा तेच. त्या दोन्ही वेळी रातकिडेही चेकाळल्यासारखे वाटले. बाहेर आल्यावर ज्ञानू म्हणाला, "दाजी, पोरगा आपला माणूस म्हणून मी आलो. पण ते नाटकातलं बोलणं नव्हतं. रागानं गळा चिरकला होता पोराचा. खरा राग होता."

"राग खरा असंल," धिवार म्हणाले. "वेगळ्या रांजणातलं पाणी प्यालेल्याला राग उसना आणावा लागत नाही. तू कानानं ऐकलंस ते सगळं नीट ध्यानात ठेव. फक्त गळा कुणाकुणाचा चिरकला, याचा विचार कर."

ज्ञानूला काही उमगलं नाही. मनातून त्यानं जगनला केव्हाच फासावर चढवलं होतं आणि अक्काबाईशी नजर मिळवायचं तो टाळत होता.

दिगंबर शितोळेचा स्टुडिओ बाजारपेठेत, पिठाच्या गिरणीला लागून होता. आतल्या खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. दिगंबर तिशीचा, केस वाढवलेला, बोलायला गोड. त्यानं चहा मागवला. जगनबद्दल वाईट वाटतं म्हणाला. धिवारांनी तपासाचं काही विचारलंच नाही; सिनेमाचं विचारलं, आणि दिगंबर फुलला.

त्यानं कॅमेरा हातात दिला. आठ मिलीमीटरचा, मुंबईच्या चोरबाजारातला, पोलादी, मुठीत मावणारा. सोळा मिलीमीटर चांगला, पण त्याची फिल्म परवडायची कुणाला? आणि ही स्वस्त फिल्म फार मंद. ढळढळीत ऊन पाहिजे, तेही समोरून पडणारं, तरच चित्र उमटतं. सावलीत घेतलं की गेलं.

"मग सिनेमात रात्र कशी दाखवता?" धिवारांनी विचारलं.

"उन्हातच घ्यायची. पुढं ही निळी काच लावायची. पडद्यावर रात्र."

त्यानं कॅमेऱ्याची चावी फिरवून दाखवली. कर्र, कर्र, कर्र. याला वीज लागत नाही, घड्याळासारखी कमान असते. एक चावी दिली की थोडा वेळ चालतो, मग पुन्हा द्यायची.

सिनेमाही दाखवला. भिंतीवरच्या चादरीवर माणसं हलू लागली. दर तुकड्याच्या शेवटी ती एकाएकी लगबगीनं चालत, जणू मागं कुत्रं लागलंय. ज्ञानूला हसू आलं.

"चावी उतरत आली की कॅमेरा मंदावतो," दिगंबर म्हणाला. "घेताना यंत्र मंद चाललं, की दाखवताना माणसं पळतात. एवढं काय ते चुकतं माझं."

मध्येच शेजारी गिरणी सुरू झाली. पडद्यावरचा उजेड क्षणभर लालसर पडला आणि पुन्हा उजळला. दिगंबरनं गिरणीवाल्याला शिवी हासडली. "गोधड्या लावून तिचा आवाज अडवलाय, पण दिवसभर दिव्याचा हा छळ."

पडद्यावर नायक हातात पेटती चूड घेऊन माळावरून चालला होता. पुढच्या तुकड्यात तो नदीवर हाताची काजळी धूत होता.

"मध्ये काय झालं?" ज्ञानूनं विचारलं. "चूड गेली कुठं?"

"रात्री वाट बघायला चूड नेतात की," दिगंबर म्हणाला. "तुम्ही पोलिसांनाच विचारा. या सिनेमात गंजही नाही आणि आगही नाही. जगन म्हणतो तसली वाक्यं मी लिहिलीच नाहीत."

मग आवाजांची पाळी. हौशी माणसाला खरा आवाज कुठं मिळतो? सुपात तांदूळ घोळवले की पाऊस. करवंट्या आपटल्या की घोडा. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवलं की रातकिडे. आणि जिलेटिनचा कागद चुरगाळला की आग.

"आग ऐकवा," धिवार म्हणाले.

दिगंबर क्षणभर थांबला. पण कारागिराला कौतुकाची भूक असते. त्यानं एक चकती मोठ्या यंत्रावर चढवली. फितीवर पिवळ्या पेन्सिलीची खूण होती. त्या खुणेपाशी आणूनच त्यानं यंत्र चालू केलं. तडतड, भडभड, मग एक घुमणारा लोळ. ज्ञानूला धग जाणवली. मध्येच कर्र, कर्र असं काहीतरी वाजलं आणि ज्वाळांत बुडालं.

"हा कागद?" धिवार म्हणाले. "कमाल आहे. खुणेच्या आधी काय आहे?"

"काही नाही. कोरी फीत."

रात्रभर ज्ञानूनं भोरच्या धर्मशाळेत कूस बदलली. शेजारी अक्काबाई बसूनच होती. पहाटे तिनं विचारलं, "भाऊ, फाशी द्यायच्या आदी मानसाला आईचं त्वांड बघू देत्यात का?"

सकाळी कोर्ट उघडायच्या आत दिगंबरच्या स्टुडिओत माणसं जमली. फौजदार होता. साळूबाई भिंतीशी बसली होती, आणि तिच्यापासून लांब अक्काबाई. चिमाजीरावही आले होते. टेपचा पुरावा कोर्टात ठेवायचा तर त्याबद्दल एक शंका फेडून घ्या, असं धिवारांनी फौजदाराला आदल्या संध्याकाळीच पटवलं होतं. फौजदारानं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं.

"शंका एकच," धिवारांनी सुरुवात केली. "हे बोलणं वस्तीवरच्या चिंचेखालचं, की या खोलीतलं? शितोळे, हे मोठं यंत्र लावा. फौजदारसाहेब, तुम्ही या मायक्रोफोनसमोर काहीही बोलत राहा. ज्ञानू, कंगवा घे."

ज्ञानू गोंधळून कंगव्यावर नख फिरवू लागला. फौजदार शाळेतली प्रार्थना म्हणू लागला. भिंतीपलीकडं गिरणी सुरू झाली, दिवा लालसर झाला, उजळला. धिवारांनी हात वर केला.

फीत मागं घेऊन वाजवली. फौजदाराचा जाडा आवाज चालला होता आणि मध्येच बारीक झाला, पोरासारखा. कंगव्याचे रातकिडेही त्याच क्षणी चेकाळले. मग दोन्ही सावरले.

ज्ञानूचं नख कंगव्यावरच राहिलं.

"काल याच माणसानं मला शिकवलं," धिवार म्हणाले. "घेताना यंत्र मंद चाललं, की दाखवताना माणसं पळतात. चित्राचं तेच आवाजाचं. गिरणीची मोटर सुरू होताना वीज ओढते, हे यंत्र क्षणभर मंदावतं, आणि वाजवताना तेवढा आवाज पळतो, बारीक होतो. गोधड्यांनी गिरणीची घरघर अडवली. तारेतून येणारं कसं अडवणार? टेप ऐकून आपण सगळे म्हणालो, रागानं गळा चिरकला. माणसाचा चिरकेल. रातकिडे कशाला चिरकतील?"

"बॅटरी उतरली असेल," दिगंबर म्हणाला. "छोटं यंत्रही मंदावतं."

"उतरलेली बॅटरी उतरतच जाते. गळा चिरकून लगेच सावरला, तेही दोनदा. वस्तीवर वीज नाही. ते बोलणं या खोलीत, या गिरणीच्या शेजारी, कंगव्याच्या रातकिड्यांसकट घेतलंय. जगन खरं बोलत होता. आणि तसं असेल तर तुमच्या सिनेमात गंज आहे. चूड आणि काजळी यांच्यामधला तुकडा तुम्ही काढून ठेवलाय."

फौजदारानं दिगंबरकडं पाहिलं. "समजा, टेप खोटी. मग गंज पेटवली कुणी?"

"मला पहिल्यापासून खटकत होतं ते ऊन. सूड घ्यायला आलेला माणूस अंधार शोधतो. ओढ्याच्या आडोशानं येतो. इथं कुणीतरी भर उन्हात, सडकेला उघड्या पडणाऱ्या अंगानं आग लावली. कलत्या उन्हात पश्चिमेचंच अंग उजळतं. उजेडाची गरज चोराला नसते. ती ज्याची फिल्म मंद आहे त्याला असते." धिवार चिमाजीरावांकडं वळले. "राव, पुतण्यानं तुमच्याकडं गंज मागितली होती का? सिनेमात जाळायला?"

चिमाजीरावांच्या हातातली छत्री खाली टेकली. ते म्हणाले, "मागितली व्हती. म्या म्हनलं, येडा झालास काय, दुष्काळात कडबा जाळतो."

"म्हणजे गंज पेटली तेव्हा तुम्हाला शंका आली होती."

ते दाराकडं बघू लागले.

"शंका आली, आणि पुतण्या म्हणून तुम्ही तोंड शिवलंत. मग पोराला ठेचायला माणसं धाडलीत, आणि लहान मुलांचं पाणी तोडलंत." धिवारांचा आवाज चढला नव्हता, ज्ञानूला मात्र वाटलं, चढला असता तर बरं. "जगन हजर असता तर त्यानं दुष्काळात कडबा पेटवू दिला नसता. म्हणून पुतण्यानं त्याला वेल्ह्याला धाडला. त्याला जागेवर साक्षीदार उरला नाही, हे पुढं आयतंच कामाला आलं."

"हे सगळे तर्क आहेत," दिगंबर म्हणाला. "मी त्या दिवशी माळावर गेलोच नाही."

"मग कालची आग लावा."

दिगंबर जागचा उठला नाही. धिवारांनीच चकती चढवली. तडतड, लोळ, आणि मध्ये, कर्र, कर्र, कर्र. धिवारांनी टेबलावरचा कॅमेरा उचलून चावी फिरवली. तोच आवाज. फौजदार उभा राहिला.

"कागद चुरगाळताना कॅमेऱ्याला चावी कोण देतं?" धिवार म्हणाले. "ही खरी आग आहे. एका हातानं कॅमेरा, जवळ जमिनीवर छोटं यंत्र. आता या पिवळ्या खुणेच्या आधी काय आहे ते ऐकू. तुम्ही म्हणालात, कोरी फीत."

"नको," दिगंबर म्हणाला.

धिवारांनी फीत खुणेच्या मागं, पार सुरुवातीपर्यंत नेली.

काडी ओढल्याचा आवाज. कडब्याची बारीक कुरकुर. वारा. मग लांबून, जणू कणगीच्या आतून, एक ठसका. आणखी एक. लागोपाठ ठसके, आणि शेवटी छातीतून निघालेली बारीक शिट्टी.

साळूबाईनं भिंतीला धरलं. "ह्ये तेच," ती म्हणाली. "ह्यो त्येंचाच खोकला."

यंत्र चालूच होतं. पुन्हा ठसका. आणि त्यावर, अगदी जवळून, स्पष्ट, सावकाश: कर्र. कर्र. कर्र.

धिवारांनी बटण दाबलं.

"त्यानं ऐकलं," ते म्हणाले. "आत माणूस आहे हे त्याला कळलं, आणि त्यानं कॅमेऱ्याला पुन्हा चावी दिली. एवढं ऊन पुन्हा मिळणार नव्हतं."

"मला वाटलं तो बाहेर येईल," दिगंबर म्हणाला. तो आता कुणाशी बोलत होता ते त्यालाही ठाऊक नसावं. "मला वाटलं, येईल बाहेर, आणि तेही चित्रात येईल."

"दार कुठं होतं? तुम्ही दारातच काडी लावली होती."

"पुसलं का नाहीस हे?" फौजदारानं विचारलं. खरोखरच्या नवलानं विचारलं.

दिगंबरनं तळहातांनी कान झाकले. "पुसायला बसलो असतो तर आधी शोधायला लागलं असतं. पुन्हा ऐकायला लागलं असतं."

चिमाजीराव छत्री तिथंच टाकून बाहेर गेले. साळूबाई यंत्रापाशी आली आणि थांबलेल्या चकतीवर तिनं बोट ठेवलं, जपून, जसं झोपलेल्याच्या कपाळावर ठेवावं. नवऱ्याचा तेवढाच आवाज आता जगात उरला होता, आणि तो पुराव्यात जमा होणार होता.

जगन त्याच दिवशी सुटला. हात मात्र वाकडाच बसला.

आगीची फिल्म दिगंबरनं धुवायला मुंबईला धाडली होती. ती परत आल्यावर फौजदारानं धिवारांना बोलावलं. चादरीवर नुसता काळोख होता. रात्र दाखवायची म्हणून त्यानं निळी काच लावली, त्यात धूर सूर्याच्या आड आला, आणि मंद फिल्मवर काहीच उमटलं नाही. माणूस गेला, गंज गेली, पोराचा हात गेला, आणि हौशी दिग्दर्शकाच्या पदरी पडलं ते हे.

त्या दिवशी भोरहून परतताना ज्ञानू आणि धिवार, एस्टीत भेटलेल्या अक्काबाईसोबत, शिवऱ्याला उतरले. वस्तीकडं जाणारी वाट विहिरीवरून जात होती. काठावर गावच्या बाया होत्या. अक्काबाईला पाहून त्या थांबल्या. कुणी रहाट सोडला नाही. दिगंबर तुरुंगात गेला म्हणून विहीर उघडली नव्हती. बंद करायला एक दिवस पुरला होता. उघडायचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

साळूबाई त्या बायांत होती. तिनं आपली भरलेली घागर उचलली, वाटेच्या मधोमध आणून ठेवली आणि अक्काबाईला म्हणाली, "न्हे."

"तुमची घागर?"

"न्हे म्हनलं ना. आन रिकामी झाली का हितंच आन. मी शेंदते."

मागून कुणीतरी पुटपुटलं, घागर बाटली म्हणून. साळूबाईनं वळून बघितलं. ती बाई गप्प झाली.

ज्ञानूनं घागर उचलायला हात घातला, तर अक्काबाईनं त्याला बाजूला सारलं. तिनं ती स्वतः डोक्यावर घेतली आणि वस्तीची वाट धरली. पाणी तिच्या गळ्यावरून, पाठीवरून ओघळत होतं, आणि ती पुसत नव्हती.

"चला दाजी," ज्ञानू म्हणाला. "एस्टी चुकेल."

धिवार हलले नाहीत. विहिरीवर रहाट तसाच थांबलेला होता आणि सगळ्या बाया साळूबाईकडं बघत होत्या. तिनं शेजारणीची रिकामी घागर ओढली, दोरीला अडकवली आणि एकटीच शेंदू लागली.